इलेक्ट्रिक गिटारच्या दांडीचे लाकूड : कारखाना, कान आणि कायदा

१/२१
२४ ऑगस्ट २०११. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल आणि मेम्फिस येथील गिब्सन गिटार कंपनीच्या कारखान्यांवर केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी छापे घातले. जप्त झालेल्या मालात भारतातून आलेल्या रोझवूड आणि एबनीच्या पट्ट्या होत्या. गिटारच्या दांडीवर, वादकाच्या बोटांखाली बसवायच्या पट्ट्या. या पट्ट्यांना एवढे मोल कसे आले, हा आजच्या थ्रेडचा विषय.

२/२१
गिटारवादकांच्या बोलण्यात काही विधाने सिद्धान्तासारखी वावरतात. मेपलची दांडी खणखणीत वाजते, महोगनीची उबदार, रोझवूडमुळे स्वराला गोलाई येते. यात तथ्य किती, हे पाहूच. इतिहासाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र त्याआधीचा आहे : ही लाकडे दांडीत आली ती स्वरासाठी, की आणखी कशासाठी?

३/२१
आधी थोडी परिभाषा. सतारीला दांडी असते तशी गिटारला 'नेक'. तिच्या पुढील बाजूस चिकटवलेली पातळ फळी म्हणजे फिंगरबोर्ड. त्यात धातूचे पडदे ठोकलेले असतात. टोकाला खुंट्यांचा भाग, हेडस्टॉक. दुसरे टोक बॉडीला जोडलेले. म्हणजे 'दांडीचे लाकूड' म्हणताना बहुधा दोन लाकडे अभिप्रेत असतात : दांडीचे आणि फिंगरबोर्डचे.

४/२१
दांडीचे पहिले काम स्वर देणे नव्हे, ताण सोसणे. सहा पोलादी तारा मिळून सुमारे ४५ किलोचा ओढा लावतात, आणि तो दिवसरात्र असतो. लाकूड हळूहळू वाकते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात, वाजवणे कठीण होते. गिब्सनमधील थॅडियस मॅकह्यू यांनी दांडीत बसणाऱ्या, हवी तशी कसता येणाऱ्या पोलादी कांबीच्या पेटंटसाठी १९२१ मध्ये अर्ज केला. १९२३ मध्ये ते मिळाले. हाच आजचा ट्रस रॉड.

५/२१
आता एक गंमत. बाजारात यशस्वी ठरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच. जॉर्ज बोशाँ यांच्या कल्पनेतून उतरलेली आणि रिकनबॅकर यांच्या कंपनीने १९३२ पासून विकलेली 'फ्राइंग पॅन' ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार दांडीसकट ओतीव अॅल्युमिनियमची होती. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि सूर हले.

६/२१
तिने एक गोष्ट मात्र सिद्ध केली. इलेक्ट्रिक गिटारमध्ये आवाज पोकळ पेटीतून येत नाही. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात कंप पावते, त्यामुळे पिकअपच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ती अॅम्प्लिफायरकडे जाते. लाकडाचा आवाज पिकअपला जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याला तारेची हालचाल तेवढी कळते. लाकडाला स्वरावर परिणाम करायचा असेल, तर तो तारेच्या हालचालीमार्फतच करावा लागतो.

७/२१
कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. त्यांना गिटार वाजवता येत नसे. दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने त्यांनी वाद्याकडे पाहिले : जो भाग बिघडेल तो चटकन काढून दुसरा बसवता आला पाहिजे. १९५० मध्ये त्यांची सलग लाकडाची गिटार बाजारात आली. तीच पुढे टेलिकास्टर म्हणून प्रसिद्ध झाली.

८/२१
तिची दांडी मेपलच्या एकाच तुकड्याची, वेगळा फिंगरबोर्ड नाही. पडदे थेट मेपलमध्येच ठोकलेले. हेडस्टॉक मागे कललेला नाही, त्यामुळे संपूर्ण दांडी एका सरळ, सपाट फळीतून कापता येई. बॉडीला ती सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली. उत्तर अमेरिकेत मुबलक मिळणारे हे लाकूड कठीण आणि ताठ. या रचनेतला प्रत्येक निर्णय सुताराच्या आणि कारखान्याच्या सोयीचा आहे.

९/२१
मेपल इतके ताठ की ट्रस रॉडची गरज नाही, असा फेंडर यांचा आरंभीचा समज होता. पहिल्या काही दांड्या वाकल्या आणि वर्षभराच्या आत रॉड आला. फिंगरबोर्ड वेगळा नसल्याने तो मागच्या बाजूने खाच पाडून बसवावा लागला आणि खाच अक्रोडाच्या गडद पट्टीने बुजवली गेली. फेंडरच्या दांडीमागची ती काळपट रेघ आज वादकांना शोभेची वाटते. मुळात ते ठिगळ आहे.

१०/२१
मिशिगनमधील कॅलामझू येथे गिब्सनची परंपरा वेगळी होती. १९०२ पासून मँडोलिन आणि कमानदार गिटारी घडवणाऱ्या या कंपनीने १९५२ मध्ये 'लेस पॉल' आणली : महोगनीची दांडी, बॉडीत खोबण करून सरसाने चिकटवलेली, वर रोझवूडचा फिंगरबोर्ड. महोगनी मेपलहून हलकी, कोरायला सोपी आणि हवामानाने फारशी न हलणारी. वाद्यकारांच्या पिढ्यानपिढ्यांच्या सवयीतले हे लाकूड.

११/२१
या परंपरेत एक दुबळा सांधाही होता. गिब्सनचा हेडस्टॉक मागे १७ अंशांनी कललेला, आणि तोही दांडीच्याच तुकड्यातून कापलेला. जिथे वळण येते तिथे लाकडाचे तंतू लांबीला धरून राहत नाहीत, आडवे तुटतात. त्यात ट्रस रॉडच्या नटासाठी तिथेच लाकूड पोखरलेले. गिटार पालथी पडली की हमखास तिथेच मोडते.

१२/२१
उपाय म्हणून गिब्सनने १९६० च्या दशकात हा कोन कमी केला, १९६९ च्या सुमारास तीन तुकडे जोडून दांडी करायला आरंभ केला आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास अनेक गिटारींना चक्क मेपलच्या दांड्या बसवल्या. हे बदल मजबुतीसाठी होते. गिब्सनच्या चाहत्यांनी ते मनापासून स्वीकारले नाहीत. १९८० च्या दशकात कंपनी महोगनीकडे परतली. लाकडाची 'खरी' निवड कोणती, हे तोवर स्मृती ठरवू लागली होती.

१३/२१
आता तोल. कठीण मेपलचे वजन घनमीटरला सुमारे ७०० किलो, महोगनीचे ६०० च्या आतबाहेर. दांडी ही लांब तरफ असल्याने थोडा फरकही पट्ट्यावर जाणवतो. पण लाकूड एकटे दोषी नसते. १९६१ ची गिब्सन एसजी महोगनीचीच होती, तरी हात सोडताच तिची दांडी खाली झुके : बॉडी पातळ, दांडी बरीच पुढे आलेली आणि पट्ट्याची खुंटी दांडीच्या मुळाशी. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरचे वरचे शिंग बाराव्या पडद्यापर्यंत पोहोचते, म्हणून तिची मेपलची दांडीही तोलून राहते.

१४/२१
स्पर्शाची कथा आणखी बोलकी आहे. उघडे मेपल घामाने काळवंडते, म्हणून त्यावर लाखेसारखा चकचकीत लेप द्यावा लागे. बोटांनी तो झिजला की दांडी मळकट दिसे. टेलिव्हिजनवर अशा झिजक्या दांड्या पाहून लिओ अस्वस्थ झाले, असे सांगितले जाते. १९५८ च्या जॅझमास्टरवर आणि १९५९ पासून स्ट्रॅटोकास्टर व टेलिकास्टरवरही रोझवूडचा फिंगरबोर्ड आला. गडद, तेलकट, लेपाविना टिकणारा. ज्याला आज 'रोझवूडचा स्वर' म्हणतात, त्याच्या आगमनात मळ न दिसण्याचाही वाटा आहे.

१५/२१
मग स्वराचे काय? परिणाम आहे, पण लोक समजतात तसा नाही. गिटारमध्ये सर्वांत लवचीक भाग दांडी. एखाद्या सुराची कंपनसंख्या दांडीच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की तारेची ऊर्जा दांडी शोषून घेते आणि तो सूर लवकर विझतो. वादक याला 'डेड स्पॉट' म्हणतात; बास गिटारच्या सर्वांत बारीक तारेवर तो बहुधा पाचव्या ते सातव्या पडद्याजवळ सापडतो. फ्रान्समधील आर्थर पाते आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की दांडीवर जागोजागी मापे घेतल्यास कोणता सूर किती लवकर विझेल, याचा अंदाज बांधता येतो.

१६/२१
म्हणजे दांडीचा ताठपणा आणि वजन यांना अर्थ आहे. पण 'मेपल खणखणीत, महोगनी उबदार' हे समीकरण त्यातून सरळ निघत नाही. फेंडरच्या तारेची लांबी साधारण २५.५ इंच, गिब्सनची २४.७५. फेंडरचे पिकअप एका वेटोळ्याचे. गिब्सनचे १९५७ पासून प्रामुख्याने दुहेरी, म्हणजे हंबकर. दोन घराण्यांत इतक्या गोष्टी वेगळ्या असताना आपण सारे श्रेय लाकडाला दिले, कारण लाकूड डोळ्यांना दिसते.

१७/२१
लाकूड सोडून पाहण्याचे प्रयत्नही झाले. १९७४ मध्ये ट्रॅव्हिस बीन यांनी अॅल्युमिनियमची दांडी आणली. सूर लांबवर टिके, पण दांडी हाताला थंड आणि जड. १९७६ च्या क्रेमर गिटारींनी अॅल्युमिनियमच्या पाठीत लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. हाताला लाकूड लागावे, हा त्यामागचा हेतू. नेड स्टाइनबर्गर यांनी कार्बन तंतूंची दांडी केली आणि हेडस्टॉकच काढून टाकून तोल साधला. वादकांचा मोठा वर्ग तरीही लाकडापाशीच राहिला.

१८/२१
या निष्ठेची किंमत जंगलांनी मोजली. सुरुवातीचे मानाचे रोझवूड ब्राझीलचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि गिटार उद्योग भारतीय रोझवूडकडे वळला. भारतीय रोझवूड म्हणजे आपले शिसवी : देव्हारे, पाट, जुन्या वाड्यांतले पलंग ज्याचे, तेच हे लाकूड. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातून ते जगभरच्या गिटारींवर पोहोचले. १९९२ मध्ये ब्राझिलियन रोझवूड साइट्स कराराच्या सर्वांत कडक यादीत गेले.

१९/२१
आता पुन्हा छाप्याकडे. अमेरिकेचा १९०० चा लेसी कायदा २००८ मध्ये वनस्पतींपर्यंत विस्तारला : ज्या देशातून लाकूड आले, त्या देशाचा कायदा मोडला असेल तर अमेरिकेतही गुन्हा. भारत कच्च्या चिरीव लाकडाची निर्यात रोखतो, तयार वस्तूची नाही. मग फिंगरबोर्डची पट्टी कच्चा माल की तयार भाग? वाद नेमका इथे होता. २०१२ च्या तडजोडीत गिब्सनने ३ लाख डॉलर दंड भरला तो मुख्यतः मादागास्करच्या एबनीसाठी, ज्यावर २००९ मध्येच एक छापा पडला होता. भारतीय लाकूड कंपनीला परत मिळाले. तिने त्याच्या गिटारी करून त्यांना 'गव्हर्नमेंट सिरीज' असे खोचक नाव दिले.

२०/२१
२ जानेवारी २०१७ पासून रोझवूडची संपूर्ण प्रजाती साइट्सच्या नियंत्रणाखाली आली. कागदपत्रांच्या ओझ्याने फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या अनेक गिटारींवर पाउ फेरो हे लाकूड वापरले. गिब्सनने २०१२ मध्येच भट्टीत भाजलेल्या मेपलचा प्रयोग केला होता. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली आणि रोझवूड बऱ्याच अंशी परतले. या काळात विकल्या गेलेल्या गिटारी घेऊन लोक वाजवतच राहिले.

२१/२१
हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ च्या ग्रंथात 'घडवलेल्या परंपरां'ची चर्चा केली. गिटारच्या लाकडाबाबतची श्रद्धा त्याच जातीची वाटते : ताणासाठी, दुरुस्तीसाठी, दिसण्यासाठी केलेली निवड दोन पिढ्यांत 'स्वराचा आत्मा' झाली. दांडीचा आकार, लेप, वजन, तोल हे हाताला खरोखर कळतात आणि वादक त्यानुसार वाजवतो, म्हणून लाकूड निरर्थक नाही. पण कानांची सवय एका पिढीत बदलू शकते. फिंगरबोर्डजोगे शिसवीचे झाड वाढायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. गिटार घेणार असाल तर डोळे मिटून दोन-तीन वाजवून पाहा. लाकडाचे नाव नंतर विचारा.