सादर, दाखल आणि पोच : स्वाध्याय ऑनलाइन देण्याच्या पद्धतीचा इतिहास

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बोलीत 'सबमिशन' या एकाच शब्दाने जो व्यवहार दर्शविला जातो, त्यासाठी मराठीच्या दप्तरी भाषेत तीन शब्द आहेत : सादर करणे, दाखल होणे आणि पोच मिळणे. पैकी 'सादर' हा या अर्थी अरबी 'सादिर', म्हणजे 'निघालेला', यापासून आलेला आहे. संस्कृत 'सादर' या शब्दाशी असलेल्या रूपसाम्यामुळे त्यास विनयाची छटा चिकटली, ती नंतरची. पेशवेकालीन कागदांत सनद अथवा आज्ञा सादर होते ती वरून खाली. पुढे अर्जदार आपला अर्ज वरिष्ठांस सादर करू लागला आणि शब्दाची दिशा उलटली. 'दाखल' हाही अरबीच. त्याचा मूळ अर्थ 'आत शिरलेला'. 'पोच' मात्र 'पोचणे' या क्रियापदापासून सिद्ध झालेली आहे. पाठविणे, दुसऱ्याच्या दप्तरात शिरणे आणि त्या शिरण्याची खूण परत येणे, अशा या तीन भिन्न क्रिया होत. ऑनलाइन पद्धतीत त्यांचा परस्परसंबंध कसा बदलत गेला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कागदी व्यवहारात या तिन्ही क्रिया समक्ष घडत. विद्यार्थी जर्नल पुढे करी, शिक्षक ते उघडून पाही आणि सही करी. अक्षर वाचता येते की नाही, पाने पुरी आहेत की नाहीत, याचा उलगडा तेथल्या तेथे होत असे. या प्रत्यक्ष तपासणीस कोणी स्वतंत्र नाव दिले नव्हते. ती गृहीत होती.

संगणकाच्या साहाय्याने शिक्षण देण्याचा 'प्लेटो' हा प्रयोग इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झाला. त्यात विद्यार्थी उत्तर टंकित करी आणि यंत्र त्याचा निर्णय तत्काळ देई. उत्तर व निर्णय यांत अंतरच नसल्यामुळे 'सादर करणे' ही निराळी क्रिया तेथे उद्भवत नव्हती. ती उद्भवली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत. १९८३ साली आरंभिलेल्या 'अथीना' प्रकल्पात 'टर्न-इन' व 'पिकअप' अशा दोन आज्ञा योजिल्या होत्या : पहिलीने विद्यार्थ्याने आपली फाइल शिक्षकाकडे द्यावयाची, दुसरीने तपासलेली परत न्यावयाची. वही देण्याघेण्याचाच हा अनुवाद होता.

महाजालाच्या प्रसारानंतर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरे गोल्डबर्ग यांनी १९९५ च्या सुमारास 'वेबसीटी' या प्रणालीची उभारणी आरंभिली. पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात तीच प्रणाली सांभाळण्याचे काम केलेल्या मार्टिन डुगियामास यांनी पुढे 'मूडल' रचले व २००२ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती सर्वांस मुक्तपणे उपलब्ध करून दिली. मूडलमधील एक योजना आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. शिक्षकाने तशी अट घातली असल्यास विद्यार्थ्याने फाइल चढविली तरी ती 'मसुदा' म्हणूनच राहते. अखेरचे बटण दाबल्याखेरीज ती दिली असे मानले जात नाही. म्हणजे कागद दाखल झालेला आहे, परंतु सादर झालेला नाही. कागदी व्यवहारात हा क्रम सहसा संभवत नसे.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक ठरविले आणि गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'चे 'शोधगंगा' हे भांडार त्यातून उभे राहिले. सामान्य पदवी-विद्यार्थ्यावर मात्र ही पद्धत मार्च २०२० च्या टाळेबंदीने एकाएकी येऊन पडली. अनेकांनी हाताने लिहिलेल्या पानांची छायाचित्रे भ्रमणध्वनीने घेऊन ती पाठविली. त्या कामी वापरात असलेले 'कॅमस्कॅनर' हे साधन २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने बंदी घातलेल्या ५९ ॲपांत होते. तेव्हा विद्यार्थ्यांस ऐन सत्रात दुसरे साधन शोधावे लागले.

मराठीतून लिहिणाऱ्यापुढे आणखी एक अडचण होती, ती लिपिसंकेताची. देवनागरीचा 'इस्की' हा भारतीय मानक संकेत १९९१ साली निश्चित झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. तथापि छपाईच्या व्यवसायात रूढ झालेल्या अनेक जुन्या टंकांत देवनागरी आकृती रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी बसविलेल्या होत्या. असा टंक ज्या संगणकावर नाही, तेथे मराठी मजकूर रोमन अक्षरांची अर्थहीन रांग म्हणून उमटतो.

२०२० च्या अखेरीस एका विद्यार्थिनीचा स्वाध्याय प्रस्तुत लेखकाकडे अशाच रूपात आला. तो तिने टंकलेखनाच्या दुकानात जुन्या टंकात करवून घेतला होता. लेखकाने त्यावर 'अवाचनीय' असा शेरा मारून शून्य गुण दिले. विद्यार्थिनीने प्रणालीकडून आलेली पोच पुढे केली. तीत दिनांक व वेळ बिनचूक होती. टंक मिळवून मजकूर वाचला तेव्हा तो त्या वर्गातील उत्तम स्वाध्यायांपैकी एक निघाला. गुण दुरुस्त झाले. परंतु तिने पोच जपून ठेवली नसती तर ते शून्य कायम राहिले असते, हे नाकारता येत नाही.

सारांश, यंत्राची पोच फाइल पोचल्याची असते, लेखन पोचल्याची नव्हे. पूर्वी वही उघडून पाहण्यात जी तपासणी आपोआप होत असे, तिची जबाबदारी नव्या पद्धतीत कोणावरच राहिली नाही, आणि तिच्या अभावाचे फळ विद्यार्थ्यास भोगावे लागते. यास्तव प्रत्येक विभागाने दोन नियम करणे इष्ट आहे : स्वाध्याय आल्यानंतर ठराविक दिवसांत शिक्षकाने तो उघडून वाचनीय असल्याचे कळवावे, आणि वाचनीय नसल्यास मूळ मुदतीचा लाभ कायम ठेवून दुसरी प्रत मागवावी. तसे झाले म्हणजेच 'पोच' या शब्दास त्याचा पुरा अर्थ लाभेल.