बोर्डावर नाव, बजेटमध्ये नुसता नंबर

परवा लोणारला गेलो होतो. सरोवर बघून परतताना एका गावात चहाला थांबलो. समोर नवा सभामंडप. बोर्डावर आमदारांचं नाव हे एवढं मोठं, आणि खाली बारीक अक्षरात ‘लेखाशीर्ष २५१५’. चहावाल्या काकांना विचारलं, "हे २५१५ म्हणजे काय हो?" काका म्हणाले, "साहेबांचा फंड."

खरी गोम इथेच आहे. आमदार निधी वेगळा. २५१५ हे राज्याच्या बजेटमधलं ग्रामविकासाचं लेखाशीर्ष. त्यातल्या एका योजनेत लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली कामं होतात: सभामंडप, पेव्हर ब्लॉक, सिमेंट रस्ता. पैसा तुमचा-आमचा.

आता तो येतो कुठून? राज्यघटनेचं कलम २६६ सांगतं, कायद्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही. म्हणून मार्चमध्ये बजेट मंजूर होतं. मध्येच पैसे कमी पडले तर कलम २०५ खाली पुरवणी मागण्या मांडता येतात. ही सोय होती अडीअडचणीसाठी. पण जुलै २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक चार महिन्यांवर असताना, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यात लाडकी बहीण योजनेचा वाटा मोठा, हे खरं. पण अशा जाडजूड पुस्तकात २५१५ चा फक्त एक आकडा असतो. कोणत्या गावाला काय, ही यादी नंतर शासन निर्णयातून निघते. म्हणजे आधी पैसे मंजूर, मग कामं ठरणार!

२०२२ आठवतंय? सरकार बदललं आणि आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कितीतरी कामांना स्थगिती मिळाली. प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. मला प्रश्न पडतो, गावाची गरज सरकारबरोबर बदलते का?

अमेरिकेत अशा खर्चाला ‘पोर्क बॅरल’ म्हणतात. तिथे २०११ मध्ये यावर बंदी आली. २०२१ मध्ये प्रथा परत आली, पण अट घालून: कोणी, कशासाठी, किती मागितले, हे सगळं आधी वेबसाइटवर टाकायचं. आपल्याकडे नाव झळकतं ते थेट बोर्डावर, काम झाल्यावर.

सगळे सभामंडप वाया जातात असं मी म्हणत नाही. पावसात लग्न लागायचं तर छप्पर लागतंच. पण त्याच लोणारमध्ये, जगभरातून लोक बघायला येतात त्या सरोवराच्या संवर्धनासाठी नागरिकांना २००९ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. सरोवराला बोर्ड लावून मतं मिळत नाहीत ना!

तर आज एक काम करा. महाराष्ट्र शासनाच्या वेबसाइटवर ‘शासन निर्णय’ उघडा, ग्रामविकास विभाग निवडा आणि आपल्या गावाचं नाव शोधा. सापडलेलं काम जागेवर आहे का, तेही बघून या. आणि पुढच्या वेळी कोणी "साहेबांचा फंड" म्हणालं, तर चहा पिता पिता सांगा, "काका, तुमचाच आहे तो."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!