केंद्र नसलेल्या गावाचा कारभार

आदेश काढणारे कार्यालयच नसेल, तर शिस्त लावायची कोणी? समाजमाध्यमांच्या विकेंद्रित जाळ्यांचा इतिहास चाळताना प्रशासकाला हा प्रश्न पदोपदी भेटतो. हा इतिहास मॅस्टोडॉनपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो १९७९ मध्ये, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात.

टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी संगणकांमध्ये संदेशांची देवाणघेवाण करण्याची एक योजना आखली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी तिचा पहिला प्रोग्रॅम लिहिला. पुढच्या वर्षी ‘यूजनेट’ जगासमोर आले. पद्धत अत्यंत साधी होती. एका संगणकाने दुसऱ्याला टेलिफोनवरून गाठायचे, आपल्याजवळचे नवे संदेश द्यायचे, त्याच्याजवळचे घ्यायचे. हे बहुधा रात्री चाले, कारण रात्री टेलिफोनचे दर कमी असत. मालक कोणीही नव्हता. ज्याचा संगणक, त्याचा कारभार आणि त्याचेच टेलिफोनचे बिल.

या बिलातच पुढच्या राजकारणाचे मूळ आहे. संदेश वाढले तसा दूरवर वाहतूक करणाऱ्या मोठ्या संगणकांवरील भार वाढला, आणि जे भार वाहत होते त्यांच्या शब्दाला वजन आले. या मंडळींचा कोणताही अधिकृत दर्जा नव्हता. लोक त्यांना अर्धवट थट्टेने ‘बॅकबोन कबाल’ म्हणत. १९८६-८७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सर्व चर्चागटांची नावे बदलून त्यांची सात शाखांत विभागणी झाली. वादविवादाचे गट ‘टॉक’ या शाखेत घातले गेले. अटलांटिकपलीकडे संदेश नेण्याचा खर्च मोठा होता, आणि युरोपातील व्यवस्थापकांना नुसत्या वादांसाठी तो सोसायचा नसेल तर ती एक शाखा वगळणे त्यांना सोपे जावे, हा त्यामागील एक हेतू होता. महसुली गावांची पुनर्रचना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वर्गीकरण हे कधीच निरुपद्रवी कारकुनी काम नसते हे सांगावयास नको.

याला उत्तरही तत्काळ मिळाले. ब्रायन रीड, जॉन गिलमोर आणि गॉर्डन मॉफेट यांनी १९८७ मध्ये ‘ऑल्ट’ ही समांतर शाखा काढली आणि ती कबालच्या वाटेवरून न नेता स्वतःच्या वाटेने फिरवली. परवानगी न मिळालेले विषय तिकडे गेले. मुख्य शाखांत मात्र नवा गट काढण्यासाठी रीतसर कार्यपद्धती रूढ झाली: आधी प्रस्ताव, मग चर्चा, मग इ-मेलने मतदान. होकार नकारापेक्षा किमान शंभराने अधिक हवेत आणि एकूण मतांच्या दोनतृतीयांश हवेत. मतदारांची नावे निकालासोबत प्रसिद्ध होत. आपल्या ग्रामसभेपेक्षा हे नियम काटेकोर होते. मात्र निकाल कोणावरही बंधनकारक नव्हता. एखाद्या संगणकाच्या व्यवस्थापकाने मंजूर झालेला गट आपल्याकडे ठेवला नाही, तर त्याला जाब विचारणारे कोणी नव्हते.

१९९०च्या दशकात अमेरिकेतील विद्यापीठांत असलेल्या मराठी वाचकांपैकी अनेकांना ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन’ हा गट आठवत असेल, आणि पुढे निघालेला त्याचा मराठी उपगटही. देवनागरीची सोय नसल्यामुळे सारे लेखन रोमन लिपीत चाले. मराठी मजकूर डोळ्यांनी वाचण्यापेक्षा मनात उच्चारून घ्यावा लागे. घरापासून हजारो मैलांवर, कोणत्याही मंडळाच्या कार्यकारिणीशिवाय मराठी माणसांचे भांडण रंगू शकते, हे बहुधा तेथेच प्रथम सिद्ध झाले.

यूजनेटची संस्कृती एका वार्षिक चक्रावर उभी होती. दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, चार चुका करत, जुन्यांकडून बोलणी खात आणि महिनाभरात रुळत. १९९३-९४ मध्ये अमेरिका ऑनलाइनसारख्या व्यापारी सेवांनी आपल्या ग्राहकांना हे दार उघडून दिले, आणि नवागतांची लाट ओसरेनाशी झाली. जुन्या रहिवाशांनी या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ असे नाव दिले. त्या नावात तुच्छता आहे, आणि ती मला खटकते. परंतु प्रशासकीय दृष्टीने निरीक्षण अचूक आहे: लिखित नियमांवर नव्हे तर शिकवणीवर चालणारी व्यवस्था नवागतांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वेगाने मोडते. एप्रिल १९९४ मध्ये कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या सोडतीची जाहिरात हजारो गटांत एकाच वेळी टाकली, तेव्हा ती काढून टाकण्याचा अधिकार असलेले कार्यालय कोठेच नव्हते.

मग जे शस्त्र उपसले गेले ते आपल्या परिचयाचे आहे: वाळीत टाकणे. जो सेवादाता आपल्या ग्राहकांच्या जाहिरातबाजीला आवर घालणार नाही, त्याच्याकडून आलेले सर्व संदेश इतरांनी रद्द करायचे. याला ‘यूजनेट मृत्युदंड’ म्हणत. ऑगस्ट १९९७ मध्ये तो ‘यूयूनेट’ या फार मोठ्या कंपनीवर बजावला गेला आणि काही दिवसांतच कंपनीला पावले उचलावी लागली. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा संमत केला, कारण वाळीत टाकण्यात अपराध्यासोबत त्याचे घरदारही भरडले जाते. यूजनेटवरही तेच झाले. यूयूनेटच्या निरपराध ग्राहकांचे संदेशही त्यात रद्द झाले.

मधल्या काळातील प्रयत्न, २००८चे ‘आयडेंटिका’ आणि २०१०चे ‘डायस्पोरा’, येथे नावापुरते पुरेत. २०१६ मध्ये जर्मनीतील ऑयगेन रोखको या तरुणाने ‘मॅस्टोडॉन’ सुरू केले, आणि जानेवारी २०१८ मध्ये ‘ॲक्टिव्हिटीपब’ या नियमावलीला डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची मान्यता मिळाली. रचना ओळखीची होती: अनेक सर्व्हर, प्रत्येकाचा आपला कारभारी, आपले नियम, आणि शेजाऱ्याशी संबंध तोडण्याचा अधिकार. जुलै २०१९ मध्ये ‘गॅब’ ही अमेरिकन सेवा याच प्रणालीवर आली, तेव्हा तिच्यावरील द्वेषपूर्ण मजकुरामुळे बहुतेक सर्व्हरांनी तिला दारात उभे केले नाही. यूजनेटचा मृत्युदंड येथे नित्याचे हत्यार झाला होता.

भारतीयांची लाट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्याच्या निषेधार्थ अनेकांनी मॅस्टोडॉनवर बिऱ्हाड हलवले. बरेचजण थोड्याच दिवसांत परतले. २०२२च्या ऑक्टोबरअखेर ट्विटरची मालकी बदलली तेव्हा लाट कितीतरी मोठी होती. डिसेंबरच्या सुरुवातीस मॅस्टोडॉनचे मासिक सक्रिय वापरकर्ते सुमारे २५ लाखांवर गेले. पुन्हा सप्टेंबर! येथील जुन्या रहिवाशांची एक रीत होती: त्रासदायक ठरू शकेल अशा मजकुरावर आधी सूचनेची पट्टी लावायची. वर्णद्वेषाचे स्वतःचे अनुभव लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय नवागतांनाही ती लावण्यास सांगितले गेले, आणि त्यांनी त्यावर उघड टीका केली. गावाची रीत कोणाच्या सोयीने घडली होती, हे नवा भाडेकरू आल्यावरच उघड होते. दुसऱ्याचा संदेश उद्धृत करून शेरा मारण्याची सोय रोखकोंनी प्रारंभी हेतुपुरस्सर ठेवली नव्हती, कारण तिने कुत्सितपणा वाढतो असे त्यांचे मत होते. २०२५ मध्ये तीही आली, मात्र मूळ लेखकाला नकाराचा हक्क देऊन.

आपल्याकडील कायद्याला ही रचना पेलणे अवघड जाते. फेब्रुवारी २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी पन्नास लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांहून मोठ्या माध्यमांवर भारतात अनुपालन अधिकारी व संपर्क अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. हजारो सर्व्हरांत विखुरलेल्या जाळ्यावर त्यातील कोणता आकडा लावायचा? आणि नोटीस बजावायची ती कोणावर? उत्पन्नाशिवाय, फावल्या वेळात सर्व्हर चालवणाऱ्या माणसाला चोवीस तासांत पोच देण्याचे बंधन आणि बलाढ्य कंपनीला तेच बंधन, यांत समता आहे असे मला वाटत नाही.

युरोपातील सरकारांनी वेगळी वाट धरली: स्वतःच सर्व्हर चालवायचा. जर्मनीच्या केंद्रीय माहिती-संरक्षण आयुक्तांनी सरकारी कार्यालयांसाठी तो उघडला, नेदरलँड्सने २०२३ मध्ये उघडला. युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण पर्यवेक्षकांनी एप्रिल २०२२ मध्ये संघाच्या संस्थांसाठी ‘ईयू व्हॉइस’ हा पथदर्शी प्रकल्प सुरू केला. मे २०२४ मध्ये तो बंद झाला. प्रकल्पाची जबाबदारी घेण्यास संघातील दुसरी कोणतीही संस्था पुढे आली नाही, असे त्या कार्यालयाने जाहीर केले. त्यानंतर युरोपीय आयोगाने स्वतःचा निराळा सर्व्हर उभा केला.