पशुवैद्य आणि श्वान : एका व्यवसायाच्या शिक्षणाचा पूर्वेतिहास

व्यवसायाला पडलेले नाव त्याच्या आरंभीची गरज सांगत असते. पुढे गरज पालटते, नाव मात्र टिकते. पशुवैद्यकाच्या बाबतीत हे फार स्पष्टपणे दिसते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या शेतकीवरील रोमन ग्रंथकाराने 'व्हेटेरिनारिअस' हा शब्द वापरला आहे. त्याचे मूळ ओझ्याच्या जनावरांना असलेल्या लॅटिन नावात आहे. ग्रीकांचा 'हिप्पिआत्रोस' तर उघडउघड अश्ववैद्य. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावावर चालत आलेले शास्त्रही मुख्यतः घोड्यांचे; त्यावरूनच 'सलोतरी' हा शब्द निघाला आणि इंग्रजांच्या छावण्यांतून इतका रुळला, की १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याला स्थान मिळाले. 'पशु' हा शब्द लॅटिन 'पेकुस'चा सगोत्र असून त्या शब्दापासून लॅटिनमध्ये धनवाचक शब्द सिद्ध झाला. अथर्ववेदात पाच पशू सांगितले आहेत : गाय, घोडा, मनुष्य, शेळी आणि मेंढी. या यादीत माणूस आहे, कुत्रा नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नावातला हा वगळलेपणा शिक्षणातही उतरला. क्लोद बूर्जला याची लियाँ येथील शाळा १७६२ साली उघडली, ती गुरांच्या साथींनी फ्रान्स हैराण झाला असताना. बूर्जला स्वतः अश्वविद्येतला. लंडनची शाळा १७९१ ची, आणि तिचाही भर प्रथमपासून घोड्यावरच होता. हिंदुस्थानात हा क्रम सरकारी गरजेने अधिकच पक्का केला. पुण्यास १८६२ साली लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली ती पलटणींच्या घोड्यांसाठी. पुण्यातच १८८९ मध्ये स्थापन झालेली जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा, जी १८९३ साली मुक्तेश्वरला हलली, तिच्यापुढचा मुख्य प्रश्न होता बुळकांडीचा. घोडा सैन्यासाठी, बैल महसुलासाठी. सरकारला तिसऱ्या जनावराचे प्रयोजन नव्हते.

मुंबईत मात्र कुत्रा निराळ्याच वाटेने या इतिहासात शिरला. ही वाट लोकांच्या धर्मबुद्धीची होती. १८३२ च्या जून महिन्यात, मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध शहरातील पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. पारशी अंत्यविधीत प्रेतावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा 'सगदीद' हा संस्कार आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या क्षोभाचे मूळ कळते. पाठोपाठ १८३४ साली जमशेटजी जीजीभाई, मोतीशहा प्रभृतींच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पारशी भावना आणि जैनांची जीवदया यांचा तो संगम होय. पांजरपोळ हे आश्रयस्थान. त्याला रुग्णालय म्हणता येणार नाही. परंतु ज्या जनावरापासून काही मिळकत नाही तेही सांभाळले पाहिजे, हा विचार तेथे संस्थेच्या रूपाने स्थिर झाला. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी मंडळी मुंबईत संघटित झाली, आणि दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावे, परळ येथे बाई साकरबाई रुग्णालय सुरू झाले.

१८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले ते या रुग्णालयाला जोडूनच. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. लाहोरचे महाविद्यालय त्याआधीचे (१८८२), कलकत्त्याचे (१८९३) व मद्रासचे (१९०३) नंतरचे. परळचे वैशिष्ट्य असे, की सरकारी उद्दिष्टाने घडवावयाचा विद्यार्थी तेथे एका धर्मादाय रुग्णालयात रुग्ण पाहावयास शिकत असे. सरकारला गुरांचा डॉक्टर हवा होता. रुग्णालयाच्या दारी मात्र कोणते जनावर यावे यावर सरकारचा ताबा नव्हता. लहान प्राण्यांच्या वैद्यकाचा या शहरातील खरा उगम या विसंगतीत शोधावा लागतो. अभ्यासक्रमाच्या कागदात तो फारसा सापडावयाचा नाही.

इंग्लंडात हा पालट आर्थिक कारणांनी घडला. फ्रेडरिक हॉबडे कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहीत होता तेव्हा त्याच्या समव्यावसायिकांची उपजीविका घोड्यावर होती. मोटारीने घोडा हटविला, आणि १९५७ साली लहान प्राण्यांच्या वैद्यांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. मुंबईतही घोड्यांच्या ट्राम १९०५ मध्ये बंद झाल्या. पण येथे घोड्याची जागा कुत्र्याने घेतली नाही. खेड्यातील बैल व म्हैस कायमच होती, आणि पदवीधराची नोकरीही तिथेच होती. त्यात गैर काही नव्हते. २०११ साली बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, ते अशाच गुरांच्या डॉक्टरांच्या पिढ्यांचे श्रेय आहे.

आजही पदवी एकच आहे. १९८४ च्या कायद्याने नोंदणी सर्वांना समान केली. २०१६ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्षाची प्रत्यक्ष उमेदवारी येते. ज्याला मुंबईत मांजरांवरच उपचार करावयाचे आहेत त्यालाही गाईची गर्भतपासणी व कोंबड्यांचे रोग शिकावे लागतात. पुढील पदव्युत्तर शिक्षणाची विभागणीही औषधशास्त्र, शल्यशास्त्र, प्रजननशास्त्र अशी विषयवार, प्राणिवार नव्हे. त्यामुळे श्वानवैद्याचे बरेचसे कौशल्य पदवीनंतर, एखाद्या ज्येष्ठाच्या दवाखान्यात हाताखाली राहून, मिळते. सलोतरीचा पोरगा बापाच्या हाताखाली शिके, त्याहून हे फार निराळे नाही. एका पदवीची ही पद्धत सर्वस्वी टाकाऊ मानणे मात्र चुकीचे ठरेल. पिसाळरोगासारखा विकार कुत्रा आणि गाय असा भेद करीत नाही.

भाषेने तर अजून तडजोडही केलेली नाही. तालुक्याच्या गावी आजारी कुत्रा न्यावयाचा तो 'गुरांच्या दवाखान्यात'च. 'पाळीव प्राणी' म्हणावे तर त्यात म्हैसही आली आणि मांजरही. शहरांतील पाट्यांवर म्हणून 'पेट क्लिनिक' ही अक्षरे देवनागरीत रंगविलेली दिसतात.