चांदवडी रुपया, शाहजोग हुंडी आणि नाण्याचा पूर्वेतिहास

निफाड येथे 18 जानेवारी 1842 रोजी जन्मलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठेशाहीतील चलन व टाकसाळी या विषयावर निबंध लिहिला, आणि अनेक टाकसाळींतून निघणाऱ्या, निरनिराळ्या कसाच्या नाण्यांच्या त्या व्यवहाराकडे राज्यकारभाराचे अंग म्हणून पाहिले. निफाडलगतच्या चांदवडला होळकरांची टाकसाळ होती आणि तिच्या रुपयांवर शाह आलम बादशहाच्या नावासोबत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ ही अक्षरे फारसीत असत. असा रुपया हाती आला की सराफ तो तोली, वाजवून पाही, प्रसंगी त्यावर आपला बारीक ठसा मारी आणि कस व झीज पाहून बट्टा, म्हणजे दर्शनी किमतीतून करायची वजावट, ठरवी. सरकारी खजिन्यात हीच पारख पोतदाराकडे असे. या परीक्षेत रुपया पूर्वी कोणाच्या कनवटीला होता, हे मात्र कोणी विचारत नसे. 1835 च्या कायद्याने 180 ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरल्यावर या पारखीची गरजही हळूहळू ओसरली.

माणसाची चौकशी होई ती हुंडीच्या व्यवहारात. शाहजोग हुंडीची रक्कम केवळ ‘शाह’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच द्यायची असे, आणि हुंडी चोरीची वा बनावट निघाल्यास ती रक्कम परत करण्याची जबाबदारी त्याच शाहवर येई, त्यामुळे आपल्याकडे हुंडी कोणी आणली हे तो आधीच पारखून घेई. ही चौकशी पेढीच्या वहीबाहेर जात नसे, आणि या पद्धतीचे खरे शहाणपण त्यातच होते. 1881 च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना धक्का लावला नाही.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 2008 मध्ये मांडलेल्या बिटकॉइनने हा क्रम उलटा केला. येथे कस तपासावा लागत नाही, कारण खरेखोटेपणा संगणकांचे जाळेच पडताळते, परंतु प्रत्येक हस्तांतर सार्वजनिक खातेवहीत कायम राहते. तिच्यात नावे नसतात, केवळ ‘पत्ते’ म्हणजे अक्षर-अंकांच्या खुणा असतात. व्यक्ती-व्यक्तींमधील थेट खरेदी-विक्रीत घेणारा म्हणूनच नाणे चोरीच्या वा खंडणीच्या पैशातून आले आहे का हे मागे जाऊन पाहतो, आणि डागी ठरलेले नाणे कमी किमतीत घेतले जाऊ शकते किंवा विनिमय केंद्रात अडकू शकते. बट्टा परतला आहे, फक्त तो आता झिजेऐवजी पूर्वेतिहासावर बसतो, आणि निर्दोष धारकालाही तो सोसावा लागतो, हे अन्यायाचे आहे. शिवाय एखादा पत्ता कोणाचा हे एकदा कळले की त्या माणसाचे त्या पत्त्यावरचे सारे देणेघेणे कोणालाही वाचता येते. भारतात मार्च 2023 पासून विनिमय केंद्रे काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आल्याने ग्राहकांची ओळख त्यांच्याकडे नोंदलेली असते, त्यामुळे पत्ता आणि नाव यांची सांगड तेथे घालता येते. प्रत्येक व्यवहाराला नवा पत्ता वापरावा, असा उपाय नाकामोतोच्या मूळ लेखातच सुचवला होता. परंतु अनेक पत्त्यांवरची रक्कम एकत्र करून खर्च केली की ते सर्व एकाच मालकाचे होते हे उघड होते, अशी मर्यादाही त्याच लेखात नमूद आहे.