ताशाचे घर कोणते?

मार्गासनी हे गुंजवणी नदीच्या खोऱ्यातले गाव. पुणे-सातारा रस्त्यावरून चेलाडी फाट्याला वळावे, नसरापूर मागे टाकावे, की वेल्ह्याच्या वाटेवर ते लागते. इथूनच एक रस्ता साखरवरून गुंजवण्याला, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला जातो. गडावर जाणारे लोक मार्गासनीला चहापुरते थांबतात आणि पुढे निघतात. शिवकाळात या मुलखाला गुंजण मावळ म्हणत. या मावळाने स्वराज्याला माणसे दिली, हे शाळेतली मुले पाठ म्हणतात. याच मावळाने आणि शेजारच्या भोर, मुळशी, मावळ भागाने पुणे शहराला ढोल दिला, हे मात्र कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. आम्हाला या लेखात त्या ढोलाची आणि त्याच्या पुढे चालणाऱ्या ताशाची गोष्ट सांगायची आहे.

वेल्ह्याचा मुलूख भाताचा. आषाढात लावणी उरकली की पीक कापणीला येईपर्यंत हाताला थोडी उसंत मिळते. नेमका याच काळात गणेशोत्सव येतो. गावच्या देवाच्या यात्रेत, पालखीपुढे वाजणारा ढोल-लेझमाचा ताफा मग पुण्याला निघे. तिथल्या मंडळाकडून सुपारी मिळे, जेवणखाण होई आणि चार पैसे गावी येत. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत वर्षानुवर्षे ढोल-लेझीम वाजवली ती अशा खेड्यांतल्या माणसांनी. धोतर, टोपी किंवा फेटा, कमरेला बांधलेला ढोल, एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप. शिक्षण म्हणावे तर वडिलांच्या शेजारी उभे राहून मिळाले तेवढेच.

मग शहराने ही कला स्वतःच्या हातात घेतली. १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. १९७० च्या दशकात या संस्थेचे विद्यार्थी ढोल-ताशे आणि बरची घेऊन मिरवणुकीत उतरले. मुलींनी गळ्यात ताशा आणि कमरेला ढोल बांधला, ही त्या काळात नवी गोष्ट होती. पुढे रमणबाग, गरवारे अशा शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची पथके उभी राहिली. आज शंभराहून अधिक पथके पुण्यात आहेत. पावसाळ्यात संध्याकाळी मुठेच्या काठाने गेले तर नदीपात्रात त्यांचा सराव ऐकू येतो. संगणकाच्या कंपनीत काम करणारी मुले-मुली दिवसभराची नोकरी संपवून तिथे येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसपेक्षा जास्त माणसे नकोत असा निर्बंध घातला, तेव्हा प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबरमध्ये त्या निर्बंधाला स्थगिती मिळाली. खेड्यातून आलेले वाद्य शहराची ओळख होऊन बसले ते असे.

यात एक गंमत आहे. शहरी पथके जे ठेके वाजवतात त्यांतल्या एकाचे नाव आजही 'गावठी' आहे. वाजवणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, नावाने आपले मूळ जपून ठेवले. मात्र शहरी पथके वाढत गेली तशी खेड्यातल्या ताफ्यांची सुपारी आटत गेली. ज्यांच्याकडून शहर शिकले ते हळूहळू मिरवणुकीच्या कडेला गेले. संगीताच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. आमचा प्रश्न याच्याही एक पाऊल मागचा आहे. खेड्यातल्या माणसांना हे साहित्य मिळाले कुठून?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे शब्दांची मुळे शोधण्याची आम्हाला खोड आहे. मिरवणुकीतले शब्द फळ्यावर लिहून पाहावेत. 'लेझीम' हा फारसी 'लेजम'वरून आला. लोखंडी साखळी लावलेले, व्यायामाचे हे धनुष्य पहिलवान आखाड्यात वापरत. शाहिराच्या हातातला 'डफ' अरबी आणि खुद्द 'शाहीर' म्हणजे अरबीतला 'शायर'. चौघड्यातला 'नगारा' हा अरबी 'नक्कारा'. 'ताशा'चे मूळ अरबी-फारसी 'तास', म्हणजे कटोरा, पसरट भांडे. मराठीत आपण साठ मिनिटांना 'तास' म्हणतो, तोही याच घराण्यातला. पूर्वी वेळ कळवायला धातूची तबकडी वाजवत, तिला तास म्हणत. आता दुसरी बाजू पाहा. 'झांज' संस्कृत वळणाची, 'टिपरू' अस्सल मराठी, 'पथक' संस्कृत. एकाच ओळीत चालणारी ही माणसे वेगवेगळ्या घरांतून आली आणि एका ठेक्यावर पाऊल टाकू लागली. वर्गात हे सांगितले की मुलांचे डोळे चमकतात. जी भाषा परकी वाटत होती तिच्यात आपले शब्द भेटले, याचा तो आनंद असतो.

ताशा दिसायला साधा. उथळ कटोऱ्यासारखे भांडे, पूर्वी मातीचे किंवा तांब्याचे, त्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे, गळ्यात अडकवायला पट्टा आणि वाजवायला दोन बारीक लवचीक काड्या. कातडे दमट हवेत सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून जुने वादक वाजवण्याआधी ताशा विस्तवावर शेकत. आता कातड्याच्या जागी प्लॅस्टिकचे पान आले आहे. ते पावसाला भीत नाही आणि शेकावेही लागत नाही. पथकात ढोल पन्नास असोत की शंभर, त्यांना चालवतो ताशाच. ताशाने ठेका बदलला की सगळे ढोल बदलतात, ताशाने थांबवले की सगळे थांबतात. तेव्हा ताशा कुठून आला हा प्रश्न साऱ्या मिरवणुकीचाच ठरतो.

हिंदुस्थानात ताशा ज्या मिरवणुकीत घुमला ती मोहरमची. आपल्या दख्खनमध्ये तिची परंपरा जुनी आहे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या दरबारांतही मोहरमला मान होता. हैदराबादचा बादशाही आशूरखाना सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातला. या दरबारांत मराठा सरदार चाकरीला होते. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. दरबारातून ही रीत खेड्यात उतरली. ताबूत, डोले, पंजे, सवाऱ्या खेडोपाडी निघू लागल्या. मुसलमानांची दोन घरे असलेल्या गावातही मोहरम होई, कारण तो साऱ्या गावाचा असे. ताबूत खांद्यावर घेणारे, पुढे नाचणारे, वाजवणारे बहुसंख्य हिंदूच असत. आजचे अहिल्यानगर आणि सांगली जिल्ह्यातले कडेगाव इथे हा सहभाग अजून डोळ्यांनी पाहता येतो. कडेगावच्या उंचच उंच ताबुतांपैकी काही हिंदू घराण्यांचे असतात आणि ताबुतांची भेट पाहायला सारी पंचक्रोशी लोटते.

पुण्यातही मोहरम असाच होता. एकोणिसाव्या शतकात तो शहरातला एक मोठा सार्वजनिक सोहळा होता आणि त्यात हिंदू वस्त्यांचे मेळे हौसेने उतरत. मग ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत भीषण दंगल झाली. मने फाटली. १८९३-९४ पासून पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले आणि लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिले. त्या वर्षांतल्या मेळ्यांच्या काही पदांनी हिंदूंना ताबुतांपासून दूर राहण्याचे आवाहन केले आणि १८९४ चा पुण्याचा मोहरम ओसरलेला दिसला. विसर्जन मिरवणुकीच्या रूपात ताबुतांच्या मिरवणुकीची छाप आहे, हे या उत्सवाचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. हा इतिहास कटू आहे, म्हणून तो दडवण्याचे कारण नाही. गणेशोत्सवाने पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीला व्यासपीठ दिले, गावोगाव मुसलमान त्यात सामील झाले, हेही तितकेच खरे. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत तर गणपती मशिदीत बसतो. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की वाजवणाऱ्यांनी मिरवणूक बदलली तेव्हा वाद्य बदलले नाही. वाजवणारे हात तेच होते आणि त्यांनी आपले शिक्षण सोबत नेले.

ताशाने तर समुद्रही ओलांडला. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज हिंदी मजुरांना घेऊन वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर पोहोचले. उसाच्या मळ्यांवर करारबद्ध राबणारे हे मजूर मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातले, त्यांत हिंदू अधिक. तरी तिथे त्यांचा सर्वांत मोठा सोहळा झाला तो मोहरम. 'हुसेन, हुसेन' या आरोळीवरून त्याला 'होसे' म्हणू लागले. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडो गावाजवळ या मिरवणुकीवर इंग्रज सरकारने गोळीबार केला आणि त्यात अनेक मजूर ठार झाले. मोहरमच्या मिरवणुकीत मेलेल्यांत हिंदूही होते. आज त्रिनिदादमध्ये 'तासा' हे राष्ट्रीय अभिमानाचे वाद्य आहे. तो हिंदूंच्या लग्नात वाजतो, कार्निव्हलमध्ये वाजतो, होसेत तर वाजतोच. मातीच्या तासावर बकऱ्याचे कातडे, आगीवर शेकणे आणि सोबत झांज. झांजेला तिथेही झांजच म्हणतात.

असाच एक दाखला अमेरिकेचा आहे. तिथल्या डोंगराळ खेड्यांतल्या गोऱ्या शेतकऱ्यांचे म्हणून जे गाणे ओळखले जाते त्याला कंट्री म्हणतात आणि त्याची जलद चालीची एक शाखा म्हणजे ब्लूग्रास. तिचा जनक बिल मन्रो केंटकी राज्यातला. तरुणपणी तो पोटासाठी शिकागो शहराजवळच्या तेल शुद्धीकरण कारखान्यात राबला. शिकागोच्या रेडिओवर १९२४ पासून खेड्यातल्या गाण्यांचा कार्यक्रम लागत असे, कारण शहरात आलेल्या गावकऱ्यांना गावची आठवण येई. वेल्ह्याचा माणूस पुण्यात ढोल ऐकून जसा थबकतो, तसेच ते. या संगीताचा प्राण असलेले बँजो हे वाद्य मात्र गोऱ्यांचे नव्हे. ते आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी घडवले. स्वतः मन्रो ज्यांच्याकडून शिकला त्यांत आर्नोल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय वादक होता आणि मन्रोने ते कायम मानले. पण १९२० च्या दशकात तबकड्या विकणाऱ्या कंपन्यांनी काळ्यांची गाणी एका यादीत आणि गोऱ्यांची दुसऱ्या यादीत घातली. ऐकणाऱ्यांनी दोन पिढ्यांत यादीलाच इतिहास मानले. कृष्णवर्णीयांच्या मुलांनाही बँजो परका वाटू लागला. २००५ साली कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स या तरुण कृष्णवर्णीय वादकांच्या गटाने बँजो पुन्हा हातात घेतला. म्हाताऱ्या वादकाच्या पायाशी बसून ते शिकले आणि २०११ मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यांनी कोणाकडून काही हिसकावले नाही. गोऱ्यांचा बँजो वाजायचा थांबला नाही. फक्त यादी दुरुस्त झाली.

आपल्याकडची यादी कोण दुरुस्त करणार? ताशावर दोन्हीकडून दार लागते आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. एकीकडे ढोल-ताशाला केवळ एका धर्माची निशाणी मानणारे वाढले आहेत. दुसरीकडे आपल्यातही मोहरममध्ये वाद्य वाजवणे हा शहीदांचा अनादर आहे, असे मानणारा मोठा वर्ग आहे. ही श्रद्धेची बाब आहे आणि तिच्याशी वाद घालण्याचे हे ठिकाण नाही. ज्याला वाजवायचे नाही त्याने वाजवू नये. परंतु न वाजवणे वेगळे आणि कधी वाजवलेच नव्हते असे म्हणणे वेगळे. पहिला निर्णय आहे, दुसरे विस्मरण आहे. विस्मरण झाले की मुलांसमोर कोणीही कोणतीही यादी ठेवू शकतो. तुमचे इथे काय आहे, असे त्यांना उद्या कोणी विचारले तर त्यांच्याजवळ उत्तर असले पाहिजे, आणि ते उत्तर रागाचे नसावे, माहितीचे असावे.

काम मोठे नाही. आपापल्या गावात, मोहल्ल्यात ताशा वाजवलेली म्हातारी माणसे अजून आहेत. मुलाणी, शिकलगार, तांबोळी यांच्या घरांत आहेत आणि मराठा, मातंग, महादेव कोळी यांच्याही घरांत आहेत. मोहरममध्ये कोण वाजवत असे, यात्रेत कोण, ठेक्यांची नावे काय होती, ताशा कोण मढवत असे, सुपारी किती मिळे, हे त्यांना विचारून वहीत उतरवावे. आता तर प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर ठेकाही टिपता येतो. शाळेच्या प्रकल्पासाठी याहून चांगला विषय आम्हाला दिसत नाही. उर्दू शाळेतल्या मुलाने मराठी शाळेतल्या मुलाला सोबत घ्यावे, कारण अर्धी माहिती त्याच्या आजोबांकडे असणार.

अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर ताशाचा पहिला कडकडाट होतो तेव्हा ढोल अजून मुकेच असतात, ताशाच्या इशाऱ्याची वाट पाहत. त्या कडकडाटात गुंजण मावळचा भातकरी आहे, नगरची सवारी आहे, कडेगावची भेट आहे आणि सान फर्नांडोचा मजूरही आहे. ताशाला एकच घर नाही. ज्या ज्या घरी तो राहिला, त्या प्रत्येक घराचे नाव वहीत लिहिले गेले पाहिजे, आणि त्या यादीत आपल्या घराचे नाव आपणच लिहायचे आहे.