रात्रीचे रक्त

* रात्रीचे रक्त : हत्तीरोगाच्या कृमीची सूक्ष्म पिल्ले दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात, रात्री वरच्या रक्तात येतात. म्हणून परभणीला लागून असलेल्या नांदेड जिल्ह्यात कर्मचारी रात्री दहानंतर दार वाजवून झोपाळलेल्या माणसांची बोटे टोचत. ऐकणाऱ्याला यात गंमत वाटते. ज्याचे बोट, त्याला विचारावे. पुढे तपासणीची पट्टी आली : ७५ मायक्रोलिटर रक्त, १० मिनिटे, तीही दिवसाउजेडी. ती प्रौढ कृमीचे प्रतिजन हुडकते. उलट शरीराने बनवलेली प्रतिपिंडे लागण सरल्यावरही रेंगाळतात, त्यामुळे त्यांवरून जुनी लागण की ताजी, हे उमगत नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात अशा चाचण्यांवर बरेच काम झाले. मात्र पोटातल्या जंतांचे वेगळे. त्यांच्यासाठी शौचाचा नमुना आणि सूक्ष्मदर्शकच.